मावळातील ओढ्यांचे खेकडे : निवड, सफाई आणि शिजविण्याची सुरक्षित रीत

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की मावळ तालुक्यातील ओढे, नाले आणि भातखाचरे यांत नवा जीव येतो. लोणावळा परिसरात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या पावसाचे पाणी इंद्रायणी, पवना, आंद्रा व कुंडलिका या नद्यांना मिळते आणि नाणे मावळ, आंदर मावळ व पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत भातशेती पिकविते. याच पाण्याबरोबर चढणीचे मासे आणि बिळांतून बाहेर पडणारे खेकडे ही पावसाळ्यातील दोन मोठी खाद्ये गावकऱ्यांच्या हाती येतात. ठाकर, कातकरी व महादेव कोळी समाजातील कुटुंबांना तर खेकड्यांपासून घरच्या कालवणाबरोबर चार पैसेही मिळतात. लोणावळा, कामशेत, वडगाव व तळेगाव येथील बाजारांत आणि कार्ल्याच्या रस्त्यावर जिवंत खेकडे विकावयास येतात व पर्यटक ते आवडीने घेतात.

खेकड्याचे मांस प्रथिनांनी व खनिजांनी समृद्ध असून पावसाळ्याच्या कष्टाच्या दिवसांत ते शेतकरी कुटुंबास पोषक ठरते. परंतु हे खाद्य जितके चांगले तितकेच ते हाताळण्यात काळजीचे आहे. मेलेला खेकडा, औषध मारलेल्या खाचरातील खेकडा, निखाऱ्यावर अर्धवट भाजलेला खेकडा आणि कच्च्या खेकड्याचा रस लागलेला पाटा, या चार गोष्टींपासून माणसास गंभीर अपाय होऊ शकतो. त्यापैकी एकही अपाय असा नाही की जो थोड्या माहितीने व थोड्या शिस्तीने टाळता येणार नाही. ती माहिती येथे क्रमाने दिली आहे.

खेकड्याची ओळख

गोड्या पाण्यातील खेकडा हा समुद्रातील चिंबोरीचा दूरचा नातलग होय. त्याला पायांच्या पाच जोड्या असतात. पुढची जोडी म्हणजे नांग्या. यांनाच कित्येक ठिकाणी डेंगे म्हणतात. मागील चार जोड्या चालण्याच्या कामी येतात. पाठीवरील रुंद कवचाखाली दोन्ही बाजूंस पिसासारखे दिसणारे कल्ले असतात व त्यांच्या साहाय्याने तो श्वास घेतो. कल्ले ओले राहिले की खेकडा पाण्याबाहेरही बराच काळ जगू शकतो. म्हणूनच तो रात्री बांधावर व पायवाटेवर हिंडताना दिसतो.

दख्खनच्या पठारावर सर्वत्र आढळणाऱ्या एका मोठ्या खेकड्याचे शास्त्रीय वर्णन १८३६ साली प्रसिद्ध झाले. मुंबई सरकारच्या सेवेत असलेल्या कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनमध्ये केलेल्या निरीक्षणांचा त्यास आधार होता. बिळे खणून राहण्याच्या सवयीवरून त्या जातीस बॅरिटेल्फ्युसा क्युनिक्युलॅरिस हे नाव मिळाले. सह्याद्रीत अजूनही नव्या जाती सापडत आहेत. २०१४ साली तर घाटांच्याच नावावरून 'घाटियाना' हे नवे कुल शास्त्रज्ञांनी नोंदविले. कड्याकपारींत व झाडांच्या ढोलींत राहणारे हे लहान, रंगीत खेकडे फार थोड्या जागेत आढळतात. त्यांत मांसही नगण्य असते. ते पकडू नयेत.

नर व मादी ओळखणे सोपे आहे. खेकडा उलटा धरला असता पोटावर दुमडलेली एक पाळ दिसते. ती अरुंद व त्रिकोणी असल्यास तो नर आणि रुंद, गोलसर असल्यास ती मादी समजावी. समुद्रातील खेकड्याची मादी लाखोंनी अंडी घालते व पिले पाण्यात वाहत जातात. ओढ्यातील खेकड्याची गोष्ट निराळी आहे. तिची अंडी मोठी पण मोजकीच असतात. ती पोटाच्या पाळीखाली राहतात आणि त्यांतून थेट लहान खेकडेच बाहेर पडतात. काही दिवस ही पिले आईच्या पाळीखालीच वाढतात. अशी एक मादी टोपलीत पडली तर पुढल्या हंगामाचे शेकडो खेकडे नाहीसे होतात. म्हणून पाळीखाली अंडी किंवा पिले असलेली मादी जेथे सापडली तेथेच सोडून द्यावी. ज्या ओढ्यावर आपले पोट आहे तो ओढा रिकामा न करणे यातच शहाणपण आहे.

पकडताना घ्यावयाची दक्षता

खेकडे बहुधा रात्री बॅटरीच्या उजेडात पकडतात. बिळात हात घालून खेकडा ओढण्याची सवय मात्र धोक्याची आहे. पावसाळ्यात बांधाच्या बिळांत नाग, मण्यार, घोणस यांसारखे साप आसऱ्यास येतात. बिळातील खेकडा तारेच्या आकड्याने किंवा काठीने बाहेर काढावा. पायांत गमबूट असावेत. ओढ्याला लोंढा येण्याची चिन्हे दिसताच, म्हणजे पाणी एकाएकी गढूळ होऊन पालापाचोळा वाहू लागताच, पात्राबाहेर पडावे.

खेकडा पाठीमागून धरावा. अंगठा पोटाखाली व बोटे पाठीच्या कवचावर ठेवल्यास नांग्या हातापर्यंत पोहोचत नाहीत. तरीही त्याने चिमटा घेतलाच तर झटका देऊ नये, कारण त्यामुळे जखम फाटते. हात पाण्यात किंवा जमिनीवर टेकवावा. आधार मिळताच खेकडा बहुधा पकड सोडतो. जखम साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर घेतलेले नसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. हातापायांस जखम असताना खाचरातील साचलेल्या पाण्यात उतरल्यास लेप्टोस्पायरोसिस या तापाचाही संभव असतो. पावसाळ्यात ताप, अंगदुखी व डोळे लाल होणे ही लक्षणे दिसल्यास आपण खाचरात किंवा ओढ्यात काम केल्याचे डॉक्टरांस आवर्जून सांगावे.

कोणता खेकडा घ्यावा व कोणता टाकावा

खेकडा शिजवावयाच्या वेळेपर्यंत जिवंत असला पाहिजे, हा पहिला नियम होय. खेकडा मेल्याबरोबर त्याच्या पोटातील पाचक रस त्याचेच मांस विरघळवू लागतात आणि जंतूंची वाढ झपाट्याने होते. जंतूंनी निर्माण केलेली काही विषे उकळूनही नाश पावत नाहीत. तेव्हा 'नुकताच मेला आहे, चालेल' असे म्हणून तो टोपलीत ठेवू नये. चांगला खेकडा बोट जवळ नेताच नांग्या उगारतो, त्याचे पाय लुळे पडत नाहीत व हातात घेतल्यास आकाराच्या मानाने जड लागतो. दुर्गंधी येणारा, पाय लोंबणारा, तोंडातून काळसर पाणी गळणारा खेकडा टाकून द्यावा. नुकतीच कात टाकलेल्या मऊ कवचाच्या खेकड्यात मांस थोडे व पाणी फार असते. तोही सोडून देणे बरे.

खेकडा कोठून आला हेही पाहिले पाहिजे. ज्या खाचरात कीटकनाशक फवारले अथवा दाणेदार औषध टाकले आहे तेथील आणि त्याच्या खालच्या बाजूच्या नाल्यातील खेकडे खाऊ नयेत. औषधाने गुंगलेले खेकडे बांधावर आयते पडलेले सापडतात व ते गोळा करण्याचा मोह होतो. हा मोह जिवावर बेतणारा आहे, कारण औषधाचा अंश शिजविण्याने जातो असा भरवसा कधीही धरू नये. शहराचे सांडपाणी, कारखान्याचे पाणी किंवा वाहने धुतल्याचे तेलकट पाणी ज्या नाल्यात उतरते तेथील खेकड्यांनाही हेच लागू आहे. बाजारातून खेकडे घेणाऱ्याने ते कोणत्या ओढ्यातील आहेत हे विचारावे व विकणाऱ्याने ते खरे सांगावे.

जिवंत ठेवण्याची रीत

पकडलेले खेकडे कित्येकदा बादलीभर पाण्यात कोंबून ठेवले जातात आणि सकाळपर्यंत निम्मे मरतात. साचलेल्या पाण्यातील प्राणवायू संपतो व विष्ठेने ते पाणी दूषित होते, हे त्याचे कारण. खेकडे बांबूच्या टोपलीत, वर ओले गोणपाट घालून, सावलीत व हवेशीर ठेवावेत. पोट साफ होण्यासाठी त्यांना एक रात्र पसरट भांड्यात दोन बोटे स्वच्छ पाण्यात ठेवणे उत्तम. पाणी दोन-तीन वेळा बदलावे, भांड्यात दगड ठेवावेत म्हणजे खेकड्यांना वर बसता येते आणि वरून जाळीचे झाकण घालावे. गर्दी झाल्यास ते एकमेकांचे पाय तोडतात, म्हणून मोठे व लहान वेगळे ठेवावेत.

काही जण पोट साफ व्हावे म्हणून पाण्यात मूठभर मीठ टाकतात. याने पोट साफ होत नाही, उलट गोड्या पाण्यातील प्राण्यास त्रास होऊन तो लवकर मरतो. स्वच्छ पाणी आणि एक रात्र, हेच पोट साफ करण्याचे साधन होय. हेही ध्यानात असावे की अशा ठेवण्याने केवळ माती व विष्ठा निघून जाते; खेकड्याच्या मांसातील कृमी किंवा औषधाचा अंश जात नाही.

कच्च्या खेकड्यातील कृमी

जगाच्या अनेक भागांत गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या कल्ल्यांत व मांसात एका चपट्या कृमीची पुटके असतात. ती मिलिमीटरहूनही लहान असल्याने साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. असा खेकडा कच्चा किंवा अर्धवट शिजवून खाल्ला तर पुटके आतड्यात फुटतात. कृमी आतड्याची भिंत भेदून बाहेर पडतो, पोटाचा पडदा ओलांडतो आणि फुप्फुसात जाऊन घर करतो. तेथे तो सुमारे एक सेंटिमीटर वाढतो व वर्षानुवर्षे जगू शकतो. क्वचित तो मेंदूतही शिरतो आणि मग झटके येऊ लागतात. या फुप्फुसकृमीचा शोध १८७८ साली ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयातील एका वाघाच्या फुप्फुसात लागला, हे विशेष. वाघासारखे हिंस्र प्राणी, मुंगूस, कुत्रा, मांजर व माणूस या सर्वांना तो होऊ शकतो.

कृमीचा फेरा असा चालतो. रोगी माणसाच्या किंवा जनावराच्या थुंकीतून व विष्ठेतून अंडी पाण्यात पडतात. त्यांतून निघालेले सूक्ष्म जीव पाण्यातील गोगलगाईत शिरून वाढतात, तेथून खेकड्यात जातात आणि खेकडा खाणाऱ्याच्या पोटात पोहोचतात. म्हणजे ओढ्याकाठची अस्वच्छता आणि कच्चा खेकडा ही या साखळीची दोन टोके होत. दोहोंपैकी कोणतेही एक तोडले तरी साखळी तुटते.

भारतात मणिपूर, नागालँड व अरुणाचल प्रदेश या राज्यांत हा रोग माणसांत आढळतो. रोग्यास महिनोन् महिने खोकला येतो, गंजासारख्या तांबूस रंगाचा बेडका पडतो, छातीत दुखते. ही लक्षणे क्षयासारखी असल्याने तेथे कित्येक रोग्यांना क्षयाचे औषध दिले गेले व गुण आला नाही. अमेरिकेतील मिसूरी राज्यात जुलै २००६ ते सप्टेंबर २०१० या काळात नऊ जणांना हाच प्रकारचा रोग झाला. नदीकाठी सहलीस गेलेल्या लोकांनी 'क्रेफिश' नावाचा, नांग्या असलेला व कोळंबीसारखा दिसणारा प्राणी कच्चा अथवा अर्धकच्चा खाल्ला होता. कोरियात एके काळी गोवराच्या रोग्यास कच्च्या क्रेफिशचा रस औषध म्हणून पाजीत असत. त्या औषधानेच कित्येक मुलांच्या अंगात कृमी शिरला. क्रेफिश आपल्या ओढ्यांत निसर्गतः नाही, पण कच्च्या खेकड्याचा रस कोणी कशावरही उपाय म्हणून सुचविल्यास ही हकीकत आठवावी आणि तो रस कोणासही पाजू नये.

चिंच, कोकम, लिंबू, मीठ, तिखट किंवा दारू यांत मुरवत ठेवल्याने पुटके मरतील असा भरवसा नाही. चांगली उष्णता हाच खात्रीचा उपाय आहे.

सफाईची तयारी

सफाईकरिता विळी किंवा सुरी, जाड दाभण, काथ्याची घासणी, पाण्याची दोन पातेली, एक रोवळी व टाकाऊ भागांसाठी झाकणाचे भांडे जवळ घ्यावे. लाकडी पाट घ्यावयाचा असल्यास तो खेकडे व मासे यांसाठीच वेगळा राखावा. कोशिंबिरीचा कांदा, भाकरी, चटणी इत्यादी न शिजविता खावयाच्या वस्तू त्या जागेपासून दूर ठेवाव्यात. सफाई पिण्याच्या पाण्याच्या झऱ्यावर किंवा विहिरीच्या काठावर करू नये.

प्रथम खेकडा मारावा, मगच त्याचे पाय काढावेत. जिवंतपणी नांग्या व पाय उपटणे हे क्रौर्य तर आहेच, शिवाय त्यात हाताला इजा होण्याचा संभव अधिक. बर्फ मिळत असेल तेथे खेकडे अर्धा तास बर्फाच्या चुऱ्यात ठेवावेत. ते सुन्न होतात व हालचाल थांबते. मग खेकडा उलटा ठेवून पोटाची पाळ उचलावी, तिच्या मुळाशी दाभणाचे टोक सरळ खाली दाबावे आणि लगेच दुसरा छेद डोळ्यांच्या मधोमध, तोंडाच्या वरच्या बाजूस द्यावा. खेकड्याचे मज्जातंतू या दोन ठिकाणी एकवटलेले असल्याने तो त्वरित मरतो. बर्फ नसल्यास हेच काम झटपट व न डगमगता करावे. मारल्यानंतर तो तसाच ठेवू नये. सफाई व शिजविणे लागोपाठ व्हावे.

सफाईचा क्रम

१. खेकडा दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावा. पाठ, पोट, पायांचे सांधे व नांग्यांच्या बेचक्या घासणीने घासाव्यात; माती येथेच अडकलेली असते.

२. पोटावरील दुमडलेली पाळ ओढून काढावी. तिच्याबरोबर विष्ठेची काळसर दोरी येते. ती तुटून आत राहिल्यास कालवणास कडवट चव येते.

३. नांग्या मुळापासून पिळून काढाव्यात व बाजूस ठेवाव्यात. चालण्याचे पाय वेगळे करावेत. पायांची अणकुचीदार टोके कापून टाकावीत.

४. खेकड्याच्या मागील बाजूस कवच व धड यांच्या फटीत अंगठा घालून पाठीचे कवच वर उचलावे. ते सहज सुटते.

५. धडाच्या दोन्ही बाजूंस दिसणारे करड्या रंगाचे, पिसासारखे कल्ले पूर्णपणे काढून टाकावेत. पाण्यातील गाळ व पुष्कळदा कृमीची पुटकेही यांतच अडकतात. त्यांना चव नाही व ते खाण्याजोगे नाहीत.

६. तोंडाच्या मागे एक लहान पिशवी असते. ती खेकड्याचे पोट होय. तोंडाच्या भागासह ती काढावी.

७. मध्यभागी पिवळसर-तपकिरी मऊ गर असतो. चवीसाठी कित्येक जण तो ठेवतात. परंतु शरीरात शिरलेली विषे व जड धातू प्रथम याच गरात साठतात. स्वच्छ ओढ्यातील खेकड्याखेरीज इतरांचा गर टाकूनच द्यावा. गरोदर स्त्रियांना व लहान मुलांना तर तो देऊच नये.

८. धड एकदाच स्वच्छ पाण्याने धुऊन मधोमध दोन तुकडे करावेत. पुन्हा पुन्हा धुतल्यास मांसाचा रस निघून जातो. नांग्यांवर बत्त्याने हलका ठोका देऊन कवचास तडा पाडावा, म्हणजे उष्णता व मसाला आतपर्यंत पोहोचतो.

लहान पाय आणि पाटा-वरवंटा

खेकड्याचे लहान पाय पाट्यावर कच्चेच वाटून, गाळून, त्यांचे पाणी रश्शात घालण्याची पद्धत घरोघरी आहे. या पाण्याने रश्शाला दाटपणा व गोडी येते, यात शंका नाही. मात्र कच्चे पाय वाटताना त्यांचा रस हातांवर, पाट्यावर व आसपासच्या भांड्यांवर उडतो. त्याच पाट्यावर नंतर ठेचा किंवा ओली चटणी वाटली तर खेकडा नीट शिजवूनही कृमी व जंतू ताटात येऊ शकतात. ज्या देशांत हा रोग आहे तेथे सुऱ्या, पाट व हात यांच्याद्वारे असा प्रसार होऊ शकतो, हे दिसून आले आहे.

यावर उपाय साधा आहे. पाय प्रथम थोड्या पाण्यात दहा मिनिटे खळखळ उकळावेत, निवाल्यावर त्याच पाण्यासह वाटावेत किंवा मिक्सरमधून काढावेत आणि गाळून ते पाणी उकळत्या रश्शात घालावे. उकळीचे पाणी टाकून द्यावयाचे नसल्यामुळे चव कमी होत नाही आणि उकडलेले कवच वाटण्यास हलकेही जाते. गाळणे दोनदा, पातळ फडक्यातून करावे, कारण कवचाचा बारीक तुकडा मुलांच्या घशात अडकू शकतो. काम झाल्यावर पाटा, वरवंटा, विळी व हात साबणाने धुवावेत आणि पाटा-वरवंट्यावर उकळते पाणी ओतावे.

शिजविणे

मसाला कोणताही असो, खेकडे रश्शात टाकल्यावर झाकण ठेवून, पूर्ण उकळी आल्यानंतर किमान पंधरा ते वीस मिनिटे शिजवावेत. मांसाच्या मध्यभागी ६३ अंश सेल्सियसहून अधिक उष्णता पोहोचली पाहिजे व अशा उकळण्याने ती निश्चित पोहोचते. मोठे खेकडे असल्यास वेळ थोडा वाढवावा.

कवच लाल झाले म्हणजे खेकडा शिजला, ही समजूत चुकीची आहे. खेकड्याच्या कवचातील तांबडे रंगद्रव्य एका प्रथिनाशी जखडलेले असते. उष्णता लागताच ते प्रथिन उकलते व तांबडा रंग मोकळा होतो. हा बदल काही क्षणांतच बाहेरून दिसतो, पण आतील मांस तेव्हा कच्चेच असू शकते. शिजल्याची खरी खूण मांसात पाहावी : ते पांढरे व अपारदर्शक झालेले असावे आणि कवचापासून सहज सुटावे.

याच कारणासाठी गुरे राखणारी मुले निखाऱ्यावर खेकडे भाजून खातात, तो प्रकार सर्वांत धोक्याचा आहे. बाहेरचे कवच करपते, आतील मांस नुसते कोमट होते आणि भुकेल्या मुलास थांबवत नाही. शिवाय असा खेकडा न सोलता, कल्ल्यांसह भाजला जातो. मुलांना रागावून ही सवय सुटणार नाही. पकडलेले खेकडे घरी आणावेत व कालवणात त्यांचा वाटा मुलांना आधी मिळावा, अशी घरची रीत पाडावी.

प्रथमच खेकडा खाणाऱ्यास थोडाच द्यावा. अंगावर पित्ताच्या गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा धाप लागणे ही लक्षणे दिसल्यास ताबडतोब दवाखान्यात न्यावे व पुढे खेकडा कायमचा वर्ज्य करावा. पाहुण्यांना जेवू घालणाऱ्या घरांनी ही विचारपूस जेवणाआधीच करावी. उरलेले कालवण दमट हवेत रात्रभर चुलीवर ठेवू नये. ते त्याच वेळी संपवावे.

टाकाऊ भागांची विल्हेवाट

कल्ले, पोटाची पिशवी व कच्चे तुकडे ओढ्यात फेकू नयेत, तसेच कुत्र्या-मांजरांपुढे टाकू नयेत. वर सांगितलेला कृमीचा फेरा अशाच निष्काळजीपणाने पूर्ण होतो. हे भाग कंपोस्ट खड्ड्यात हातभर खोल पुरावेत व वर माती आणि पालापाचोळा टाकावा. शिजलेली कवचे मात्र वाळवून, कुटून खतात मिसळावीत. त्यांत कॅल्शियम कार्बोनेट भरपूर असल्याने मावळातील आम्लधर्मी तांबड्या जमिनीस ती उपयोगीच पडतात. जेथे वापरात शौचालय नाही तेथे ओढ्याकाठी बसण्याची पद्धत बंद करणे, हा खेकडा निर्धोक ठेवण्याचाही एक उपाय होय.

बांध, खेकडे आणि औषधे

शेतकऱ्याची खेकड्याविषयी तक्रारही असते व ती रास्त आहे. खेकडा बांध पोखरतो, रात्रीतून खाचराचे पाणी खालच्या शेतात उतरते आणि लावणीचे कष्ट वाया जातात. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसारित झालेल्या इंद्रायणी या सुवासिक वाणाने येथील भाताला मोठी बाजारपेठ मिळवून दिली. अशा पिकाचे पाणी राखणे महत्त्वाचे आहेच. परंतु त्याकरिता बिळांत विषारी औषध ओतणे हा मार्ग नव्हे. पूर्वी भातखाचरांत सर्रास वापरले जाणारे फोरेट हे दाणेदार औषध इतके विषारी ठरले की केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून त्याचा वापर बंद झाला. त्याचे जुने पुडे घरात पडून असल्यास ते वापरू नयेत. कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यास दाखवून विल्हेवाटीचा सल्ला घ्यावा. अशा विषाने खेकडा मरतो, पण त्याबरोबर मासे, बेडूक व बगळेही मरतात आणि खालच्या वाडीतील माणूस तोच खेकडा उचलून घरी नेतो.

उन्हाळ्यात बांधांची डागडुजी करून जुनी बिळे चिखलाने व दगडाने ठोकून बंद करावीत. लावणीपूर्वी बांधाच्या आतील बाजूस चिखलाचा गिलावा द्यावा. लावणीनंतर रोज सकाळी बांधावर फेरी मारून नवे बीळ दिसताच बुजवावे. आणि खेकडे रात्री पकडून खाण्यास किंवा विकण्यास न्यावेत; यात बांधाचे रक्षण होते व घरात कालवणही येते. शेतात कोणतेही औषध टाकले असल्यास बांधावर खूण म्हणून लाल फडके लावावे व खालच्या शेजाऱ्यांस व वाडीतील लोकांस तोंडी सांगावे. शेजारधर्माचे हे साधे कृत्य एखाद्या कुटुंबाचे प्राण वाचवू शकते.

कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

ही माहिती पत्रक वाटून पोहोचत नाही. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका व कृषी विभागाचे कर्मचारी यांनी पावसाळ्याच्या आरंभी वाडीवर जाऊन एखाद्या घराच्या ओसरीवर खेकड्याची सफाई प्रत्यक्ष करून दाखवावी. खेकडे पकडण्यात वाडीतील माणसे निष्णात असतात. ते कसब त्यांच्याकडून समजून घ्यावे आणि आपण कल्ले काढणे, पाय आधी उकळणे, पाटा धुणे व वेळ मोजून शिजविणे एवढ्यावर भर द्यावा. घड्याळ नसल्यास भाताला आधण ठेवून भात शिजेपर्यंतचा वेळ हे माप सांगावे. महिला बचत गटांनी साफ केलेले खेकडे विकावयाचे ठरविल्यास ते त्याच दिवशी, बर्फात ठेवून, ओढ्याचे नाव सांगून विकावेत. स्वच्छ मालास गिऱ्हाईक पुन्हा येते.

पंधरा दिवसांहून अधिक खोकला असलेला मनुष्य आढळल्यास त्यास आरोग्य केंद्रात पाठवावे. प्रथम क्षयाची तपासणी व्हावी. सोबत तो कच्चा वा भाजलेला खेकडा खातो काय हेही डॉक्टरांना कळवावे. क्षयाचे औषध चालू असल्यास ते आपल्या मनाने बंद करू देऊ नये. फुप्फुसकृमीवर गुणकारी औषध उपलब्ध आहे व ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोड्या दिवसांतच पुरे होते. अडचण असते ती रोग ओळखण्याची. एका प्रश्नाने ती पुष्कळ अंशी दूर होते.

थोडक्यात, खेकडा जिवंत घ्यावा, स्वच्छ ओढ्यातील घ्यावा, अंडी-पिले असलेली मादी सोडून द्यावी, कल्ले व पोटाची पिशवी काढावी, कच्चा रस ताटापर्यंत येऊ देऊ नये, उकळी आल्यावर वीस मिनिटे शिजवावा आणि टाकाऊ भाग पुरावा. एवढे पाळल्यास इंद्रायणीच्या गरम भाताबरोबर खेकड्याचे कालवण निर्धास्तपणे खाता येईल.